फ्लॉरेन्समध्ये प्लास्टरच्या एका डोक्यासमोर

पहिल्या दिवशी माझ्या हातात कोळसा आला नाही, ओळंबा आला. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला वापरतो तोच, फक्त लहान. काळा दोरा आणि त्याच्या टोकाला, मासे धरायच्या गळाला बांधतात तसं, मण्याएवढं शिसं. "हा तुझा, हरवू नकोस," एवढं बोलून शिक्षक पुढच्या इझलकडे गेले. मी ३४ वर्षांची, त्यातली १० वर्षं पाठ्यपुस्तकांसाठी आणि मुलांच्या मासिकांसाठी चित्रं काढून पोट भरलेली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग चार वर्षं कलाशिक्षण, सगळं रीतसर झालेलं. आणि आता एका उंच, गारठलेल्या खोलीत बोटांतून दोरा लटकवून उभी. शेजारच्या १९ वर्षांच्या नॉर्वेच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचा दोरा घड्याळाच्या लंबकासारखा हलवला. आमची ओळख झाली ती अशी.

शाळेचं नाव मी घेत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. आर्नो नदीच्या दक्षिणेला, ओल्त्रार्नो म्हणतात त्या भागात, सांतो स्पिरितो चर्चपासून पाच-सात मिनिटांवर एक दार. दारावर पितळेची बोटभर पाटी, आत अंगण, अंगणापलीकडे उत्तरेला उंच खिडक्या असलेल्या चार खोल्या. बस, एवढीच शाळा. चालवणारे चित्रकार अमेरिकन; तरुणपणी फ्लॉरेन्सला आले ते परत गेलेच नाहीत. शिकवणाऱ्यांत एक आयरिश, एक स्वीडिश, एक कॅनडाच्या बाई. आमच्या वर्गात इटालियन दोन, तेही फ्लॉरेन्सचे नव्हेत, एक नेपल्सचा आणि एक बेर्गामोची. बोलणं-शिकवणं सगळं इंग्रजीत. दुपारी कॉफीला बाहेर पडलं की मग आठवायचं, अरे, आपण इटलीत आहोत.

याचं मला आधी हसू यायचं. १५६३ साली याच शहरात, चित्रकार वसारीच्या खटपटीनं आणि इथला सत्ताधीश कोसिमो दे मेदिची याच्या आश्रयानं, चित्रकार-शिल्पकारांची अकादमी उभी राहिली. तिच्या नावातच 'दिसेन्यो' म्हणजे रेखाटन आहे. त्या गावात रेखाटन शिकवायला अमेरिकन माणूस! पंढरपुरात परगावच्या कुणी येऊन अभंग शिकवावेत तसं. पण जेवणाच्या सुट्टीत, जुन्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून, गोष्ट हळूहळू उलगडत गेली.

विसाव्या शतकात सरकारी कलाशाळांनी प्लास्टरचे पुतळे कोपऱ्यात सारले. फ्लॉरेन्समध्ये जुनं धरून बसलेले थोडे लोक उरले. पिएत्रो आन्निगोनी त्यांतले एक. १९५५ मध्ये ब्रिटनच्या तरुण राणीचं प्रसिद्ध व्यक्तिचित्र पुरं केलं ते हेच. दुसऱ्या नेरिना सिमी. त्यांचे वडील फिलादेल्फो सिमी पॅरिसला जेरोम या फ्रेंच चित्रकाराकडे शिकलेले, आणि बाई स्वतः म्हातारपणापर्यंत आपल्या स्टुडिओत मुलांना शिकवत राहिल्या. १९८७ मध्ये त्या गेल्या. आपल्या देशातल्या कलाशाळांत हे शिकवणारं कुणी मिळेना, म्हणून काही अमेरिकन तरुण या लोकांच्या दारात येऊन उभे राहिले. डॅनियल ग्रेव्हज् सिमीबाईंकडे शिकले. त्यांनी आणि चार्ल्स सेसिल यांनी आधी मिळून स्टुडिओ चालवला, मग दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ग्रेव्हज् यांनी १९९१ मध्ये फ्लॉरेन्स अकॅडमी ऑफ आर्ट काढली, सेसिल यांचा स्टुडिओ त्यांच्या नावानं चालतो. आन्निगोनींचे शिष्य मायकल जॉन एंजल यांनी आणखी एक शाळा काढली. त्यांच्याकडे शिकून बाहेर पडलेल्यांनी पुढे आपापली दुकानं थाटली. आमची शाळा त्याच वेलीवरची.

गंमत म्हणजे अमेरिकेतून आलेला दुसरा धागाही जेरोमपाशीच पोचतो. बोस्टनचे चित्रकार पॅक्स्टन जेरोमकडे शिकले, पॅक्स्टनकडे गॅमेल, आणि गॅमेलांच्या शिष्यपरंपरेतून ही मंडळी. म्हणजे पद्धत फ्रेंच, शिक्षक अमेरिकन, गाव इटालियन, आणि समोर मी, जिच्या देशात इंग्रजांनी जे.जे.मध्ये याच जातीचे प्लास्टरचे पुतळे मांडून मुलांचा हात घटवला होता. एवढा वळसा घालून आपण मूळ पदावरच आलो की काय, असं एकदा वाटून गेलं.

परदेशी चित्रकारानं फ्लॉरेन्समध्ये शाळा मांडणं हेही नवं नाही. फ्रँक ड्युव्हेनेक नावाचा अमेरिकन चित्रकार १८७९ मध्ये जर्मनीतून आपले विद्यार्थी बरोबर घेऊनच इथे आला. ती पोरं 'ड्युव्हेनेक बॉइज' म्हणूनच ओळखली गेली. त्याच्याही आधी, १८५६ मध्ये, इथे राहणाऱ्या एका अमेरिकन जोडप्याला मुलगा झाला, तो चित्रकार जॉन सिंगर सार्जंट. आमच्या शाळेत सार्जंटचं नाव दिवसातून एकदा तरी निघायचंच. घरातल्या कर्तबगार आजोबांचं निघावं तसं, पुष्कळदा कारण नसतानाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण मला लोक तेच आधी विचारतात. शाळा खासगी असली तरी वर्षभर राहायचं तर शिक्षणाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. प्रवेशाचं पत्र, राहण्याची सोय, विमा, बँकेतले पैसे, सगळं दाखवायचं. इटलीत उतरल्यावर कामाच्या ८ दिवसांत 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो', म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज. तो पोस्टात करतात. पिवळ्या पट्ट्याचं पाकीट पोस्टातूनच घ्यायचं, अर्ज भरायचा, तंबाखूच्या दुकानातून १६ युरोचं 'मार्का दा बोल्लो' तिकीट आणून चिकटवायचं. मी गेले तेव्हा पोस्टाचे ३० आणि परवान्याचे ७०.४६ युरो धरून सगळे मिळून ११६.४६ लागले. पोस्टातली पावती जिवापाड जपायची, कारण कार्ड हातात येईपर्यंत तीच तुमची ओळख. बोटांचे ठसे द्यायला मला जानेवारीतली तारीख मिळाली आणि कार्ड आलं ते एप्रिलमध्ये, मुदत संपायला सहा महिने उरलेले असताना. वर्गातल्या मेक्सिकोच्या मुलाला ते मुदत संपल्यावर मिळालं. त्यानं ते फ्रेम करून घेतलं.

आता शाळेकडे येते.

पहिले दोन महिने दुपारभर बार्ग. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकारानं जेरोमबरोबर १८६६ ते १८७१ या काळात रेखाटनाचे पाठ छापले. जवळजवळ दोनशे शिळाछापांचे तक्ते, पुतळ्यांचे डोळे-नाक-पावलांपासून सुरुवात करून उभ्या नग्न आकृतीपर्यंत. व्हॅन गॉगनं ते स्वतःच्या स्वतः, पुन्हा पुन्हा गिरवले होते. मला एका पावलाचा तक्ता मिळाला. तो कागदावर अगदी तेवढाच, तसाच उतरवायचा. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पाच आठवडे लागले.

कारण इथे 'साधारण तसं' चालत नाही. टाचेची वळणरेषा पेन्सिलच्या टोकाएवढी बाहेर गेली तरी शिक्षकांना ती दिसते, आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्हालाही दिसायला लागते, हे जास्त वाईट. वळण वळणासारखं काढायचं नाही. आधी सरळ तुकड्यांनी बांधायचं. मग त्या तुकड्यांचे कोपरे हळूहळू घासायचे. मुलांच्या मासिकात १० वर्षं गोलमटोल हत्ती आणि ससे काढून माझा हात गुळगुळीत झाला होता. कुठेही वळण दिसलं की तो आपसूक घसरगुंडी करायचा. कॅनडाच्या बाई मागे उभ्या राहून म्हणायच्या, "हे तुला माहीत असलेलं वळण आहे. तिथे असलेलं नाही."

त्यांना काय म्हणून हाक मारायची हा माझा वेगळाच पेच होता. सगळे शिक्षकांना नावानं हाक मारत. संस्थापक सत्तरीच्या घरातले, पांढऱ्या दाढीचे, आणि १९ वर्षांची पोरगी त्यांना नावानं बोलावणार! माझ्या तोंडून ते निघेना आणि 'सर' म्हटलं की ते मागे वळून पाहायचे, दुसऱ्या कुणाला म्हणते आहे का म्हणून. शेवटी मी हाकच मारायची सोडली. समोर जाऊन उभी राहायची. पूर्ण वर्ष तसंच काढलं.

जानेवारीत मला प्लास्टरचं डोकं मिळालं. निक्कोलो दा उझ्झानो. फ्लॉरेन्सचा पंधराव्या शतकातला एक बडा माणूस, छातीपर्यंतचा पुतळा, मूळ बार्जेल्लो संग्रहालयात. शिल्पकार दोनातेल्लोचा म्हणून सांगतात, पण तज्ज्ञांत त्यावर वाद आहे. आमच्याकडचा साचा बराच हाताळलेला, नाकाच्या शेंड्याचा टवका उडालेला, खांद्यावर जुन्या कोळशाची बोटं. मान उंचावून, जरा वळून, कुणाचं तरी बोलणं अर्धवट ऐकल्यासारखा बघतो. त्याच्यासमोर मी अकरा आठवडे काढले.

पद्धतीला 'साइट-साइझ' म्हणतात. मराठीत तिला काय म्हणावं मला कळत नाही. 'दिसेल त्या मापात' म्हणू. पुतळा आणि इझल शेजारी शेजारी, कागद पुतळ्याच्या रेषेत. पुतळ्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर मागे जाऊन उभं राहायचं, आणि पाय जिथे पडले तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावायची, दोन्ही पावलांची. त्या जागेवरून पुतळा आणि चित्र एकाच मापाचे दिसले पाहिजेत. ओळंबा पुतळ्यावर धरून एक उभी रेषा ठरवायची, तीच कागदावर आखायची. आडव्या मापांसाठी दोरा दोन्ही हातांत ताणून धरायचा, हनुवटीपासून थेट कागदापर्यंत.

ऐकायला यांत्रिक वाटतं. मलाही वाटलं होतं, हे तर मापं घेणं झालं, यात चित्र कुठे? पण एक नियम असा आहे की सगळा खेळ तिथे बदलतो. पट्टीवर उभं राहून पाहायचं, ठरवायचं, मग चार पावलं पुढे येऊन रेघ मारायची, आणि पुढे आल्यावर पुतळ्याकडे पाहायचं नाही. रेघ मनात धरून आणायची. चार पावलं म्हणजे कितीसं अंतर! पण वाटेत ती सांडते. ओंजळीतलं पाणी सांडावं तशी. तुम्ही निघता तेव्हा जबड्याखालच्या सावलीची कड नेमकी कळलेली असते. कागदापाशी पोचेतो तिच्या जागी तुमच्या सवयीतली कुठली तरी जबड्याखालची सावली येऊन बसलेली असते. मग मागे, परत पाहा, परत या. एका दिवशी फोननं सहा हजार पावलं मोजली होती आणि मी खोलीबाहेर गेले नव्हते.

कोळसा वेलीच्या काडीचा, बारीक. तो काचकागदावर घासून सुईसारखा टोकदार करायचा, रोज पहिली वीस मिनिटं त्यातच. खोडायला 'गोम्मा पाने', म्हणजे पावाचं रबर. कणकेसारखं मळता येतं. पूर्वी खरंच पावाच्या गराने खोडत, त्यावरून ते नाव. हे सामान आम्ही झेक्कीकडून आणायचो, कॅथेड्रलजवळच्या व्हिया देल्लो स्तुदिओतलं जुनं दुकान. पहिल्यांदा जाताना मी अर्धा तास भटकले, कारण फ्लॉरेन्समध्ये घरांचे आकडे वेगळे आणि दुकानांचे लाल आकडे वेगळे. एकाच रस्त्यावर १९ नंबर दोनदा भेटू शकतो, तोही एकमेकांपासून लांब. दुकानात काचेच्या बरण्यांतून रंगांची पूड मांडलेली. मला काळ्या कोळशाचंच काम होतं, तरी पंधरा मिनिटं त्या बरण्यांपुढे उभी राहिले.

उत्तरेच्या खिडकीचं महत्त्व मला तिथे कळलं. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, म्हणून सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागची फारशी हलत नाही. पुतळ्याच्या मागे काळं कापड, भिंती मळकट करड्या, बाकीचा उजेड बंद. आधी फक्त दोनच गोष्टी: उजेड कुठे, सावली कुठे. डोळे किलकिले केले की मधले सगळे बारकावे विरघळतात आणि सावलीचा एक सलग आकार उरतो, नकाशातल्या देशासारखा. तो देश नीट आखला तर माणूस ओळखू येतो. नाक, डोळे, ओठ काही काढायच्या आधी. हे पहिल्यांदा जमलं त्या दुपारी मी मागे पट्टीवर गेले आणि कागदावर निक्कोलो मला बघत होता. त्याला डोळेच नव्हते अजून.

दोनच दिवसांनी आयरिश शिक्षक आले. शिक्षक आठवड्यातून दोनदा येतात. तुम्ही बाजूला व्हायचं, ते तुमच्या पट्टीवर तुमच्या पायांच्या जागी उभे राहतात. बराच वेळ गप्प. मग खिशातून छोटा आरसा काढून, पाठ फिरवून, खांद्यावरून आरशात चित्र आणि पुतळा दोन्ही पाहिले. उलटं दिसलं की चुका उघड्या पडतात. मग म्हणाले, "डोकं मोठं आहे."

"किती?"

"डोकं मोठं नाही. मान बारीक आहे. म्हणून डोकं मोठं दिसतं. आणि मान बारीक आहे कारण खांदा वर आलाय." मग मऊ कातड्याचं फडकं घेऊन त्यांनी मान, खांदा आणि डावा गाल एका झटक्यात पुसून टाकले. तीन आठवड्यांचं काम. कोळसा धुरासारखा खाली गेला. "आता बरं आहे," म्हणून ते नॉर्वेच्या मुलीकडे वळले.

मी बाहेर अंगणात जाऊन बसले. रडू आलं असं म्हणायला वय आडवं येतं, पण आलं. थोड्या वेळानं ती मुलगी बाहेर आली. तिचाही अर्धा कागद कोरा झाला होता. आम्ही काही बोललो नाही. तिनं खिशातून चॉकलेट काढून मोडून दिलं.

पण शिक्षक खोटं बोलले नव्हते. दुसऱ्यांदा ती मान चार दिवसांत जागेवर आली. पुढचं काम सावलीच्या कडांचं, अर्ध्या उजेडाचं, आणि तिथे आणखी एक अडचण समजली. कागद प्लास्टरइतका उजळ नाही आणि कोळसा त्या काळ्या कापडाइतका काळा नाही. म्हणजे समोर दिसतं ते जसंच्या तसं उतरवणं शक्यच नसतं. उजेड-अंधाराची सगळी पट्टी आवळून, प्रमाण राखून, खाली उतरवावी लागते. गाणाऱ्यानं आपल्या गळ्याला झेपेल ती पट्टी घ्यावी तशी. गाणं तेच राहतं. शाळेत कुणी हे असं सांगितलं नाही, तिथे 'व्हॅल्यू' आणि 'रेंज' हेच शब्द. मला मात्र घरी तंबोरा लावताना पाहिलेली मावशी आठवली आणि एकदम कळलं.

सकाळचे तीन तास जिवंत मॉडेल. एकच पोझ चार-चार आठवडे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती, आणि परत उभं राहताना पायांच्या, टाचांच्या, कोपराच्या खुणा पट्टीवर जुळवायच्या. थंडीत मॉडेलच्या पायाशी एक हीटर, आमच्यासाठी नाही. आम्ही अंगावर तीन स्वेटर चढवून, बोटं उघडी ठेवलेले हातमोजे घालून काम करायचो. एक मॉडेल, साठीच्या बाई, वीस वर्षं हेच काम करत होत्या. कुणाच्या चित्रात गुडघा चुकला आहे हे त्या विश्रांतीत फिरताना बोट दाखवून सांगायच्या, आणि त्यांचं सहसा बरोबर असायचं.

माझी घरमालकीणही अशीच. तिनं आयुष्यभर चौकटींना सोन्याचा वर्ख लावला होता, ओल्त्रार्नोतल्या कारागिरांपैकी. भाडं घेताना एकदा विचारलं, "भारतातून इतकं लांब आलीस ते अमेरिकन माणसाकडून चित्र शिकायला?" आणि खो-खो हसली. मग माझा कागद पाहिला, बराच वेळ. "कान चांगला आहे," म्हणाली. पुढे काही नाही. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

संस्थापकांना मी एकदा धीर करून विचारलं, तुम्ही इथेच का राहिलात? मला वाटलं, प्रकाश, परंपरा, रेनेसाँ, असलं काही ऐकायला मिळेल. ते म्हणाले, "एक वर्षाचे पैसे घेऊन आलो होतो. संपले. परतीच्या तिकिटालाही उरले नाहीत, म्हणून दोन मुलांना शिकवायला घेतलं." एवढ्या वर्षांनंतरही त्यांचं इटालियन ऐकून बेकरीतली बाई त्यांना उत्तर इंग्रजीत द्यायची. ते नेटानं इटालियनमध्येच बोलत राहायचे. नोव्हेंबरात त्यांच्या घरी थँक्सगिव्हिंगचं जेवण असायचं, सगळ्या शाळेला. टर्की कसाबाला आठवडाभर आधी सांगून ठेवावी लागे. त्या टेबलाशी बसलं की कळायचं, ही शाळा म्हणजे घर सोडून आलेल्यांनी बांधलेलं एक घर आहे आणि त्यात घरासारखेच रुसवेफुगवे आहेत. गावातल्या दुसऱ्या एका परदेशी शाळेचं नाव त्या टेबलावर काढायचं नाही, हे मला दुसऱ्याच घासाला समजलं.

आता कुरकुर. वर्ष संपताना शाळेनं भिंतीवर सगळ्यांची चित्रं लावली. निक्कोलोचीच नऊ होती, वेगवेगळ्या वर्षांतली. माझं कुठलं, हे मला खालची सही वाचून कळलं. नऊ माणसं, सात देश, आणि हात एक. हे पद्धतीचं यश म्हणायचं की आणखी काही, मला अजून ठरवता येत नाही. रचना, कल्पनेतून काढणं, याबद्दल पहिल्या वर्षात एक अक्षर नाही. आधी बघायला शिका, बाकीचं नंतर, असं उत्तर. मार्चमध्ये एका रविवारी सांतो स्पिरितोच्या चौकात चित्रवही घेऊन बसले. एक मुलगा कबुतरांमागे धावत होता. पूर्वी मी असली पोरं बसच्या तिकिटामागे काढायची. आता हात उचलेचना. तो थांबेल, त्याच्यावर ओळंबा धरता येईल, याची मी वाट बघत होते. त्या संध्याकाळी मी चांगलीच घाबरले. मग रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं काही न पाहता, आठवणीतून काढायला लागले; कुत्री, पोरं, पोस्टातली रांग. आयरिश शिक्षकांना हे कळलं तेव्हा वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "मीही करतो. इथे बोलू नकोस."

आणखी एक. अशा शाळेचं प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. कुठल्या सरकारी नोकरीला ते चालेल असं समजून कुणी येऊ नये. माझी तीन वर्षांची बचत एका वर्षाच्या फीत आणि भाड्यात गेली. शिवाय साइट-साइझ ही थेट सतराव्या शतकातल्या वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकारापासून चालत आलेली पद्धत, असं तिथे छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. जुन्या लोकांनी मागे जाऊन पाहिलं असेल. चित्रकार मागे जातोच. पण पावलांच्या चिकटपट्ट्या लावून बसवलेली ही शिस्त बरीच अलीकडची असावी, आणि तिला आजोबा शोधण्याची काही गरज नाही. ती काम करते, एवढं मला पुरे आहे.

निक्कोलो मार्चच्या शेवटी पुरा झाला. शेवटच्या दिवशी कॅनडाच्या बाई आल्या, पट्टीवर उभ्या राहिल्या, आणि माझ्या कोळशाच्या काडीनं कानामागे एकच ठिपका गडद केला. कान पुढे आला. मग कोळसा पुसू नये म्हणून फिक्सेटिव्हचा फवारा मारायला सांगून गेल्या. त्याच शनिवारी मी बार्जेल्लोला गेले, मूळ पुतळा बघायला. अकरा आठवडे मुद्दाम टाळलं होतं. १८६५ मध्ये संग्रहालय व्हायच्या आधी त्या वाड्यात तुरुंग होता. दगडी जिना चढून मोठ्या दालनात गेले आणि त्याला शोधू लागले, पांढऱ्यात. सापडेना. एकदा त्याच्या समोरून तशीच पुढे गेले.

तो रंगीत आहे. भाजलेल्या मातीचा, वरून रंगवलेला. गालांना माणसाचा रंग, अंगावर तांबूस वस्त्र, डोळ्यांत बुबुळं. अकरा आठवडे मी ज्या पोकळ डोळ्यांच्या सावल्या मोजत होते, ते डोळे वर बघत होते, जिवंत आणि जरा वैतागलेले. माझ्या ओळखीचा जबडा, ओळखीची मान, मानेखालचा तो खांदा, सगळं जागच्या जागी, आणि तरी हा माणूस मी कधी पाहिलेला नव्हता. मी आपोआप त्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर मागे सरकले. पहारेकऱ्यानं मागच्या शिल्पाला धक्का लागेल म्हणून हटकलं.

सोमवारी शाळेत मी जरा तावातावानंच म्हटलं, "तो रंगीत आहे हे कुणी सांगितलं का नाही?" आयरिश शिक्षक कोळसा घासत होते. "सांगितलं असतं तर तू गाल रंगवला असतास," ते म्हणाले.

जूनमध्ये शाळा सुटताना प्रत्येकानं आपली जागा साफ करायची असते. नॉर्वेची मुलगी झाडत होती, मी गुडघ्यांवर बसून रंग खरवडायच्या पातीनं जमिनीवरची माझी चिकटपट्टी काढत होते. पांढरी पट्टी निघाली, तिच्याखाली निळी निघाली. बोटभर डावीकडे, माझ्यापेक्षा लहान पावलांची. तिच्याखाली आणखी एक असावी, कडा दिसत होती. निळी मी तशीच राहू दिली.